साहेबांचा बांध

छातीवर बोटं ठोकून रोग ओळखणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. छत्रीच्या टोकाने मातीचा बांध ठोकून, डोळे मिटून, ‘हा झोपलेला आहे’ असं सांगणारे इंजिनिअर मात्र आयुष्यात एकच पाहिले, आणि माझ्या कर्माने तेच माझे पहिले साहेब निघाले.

पुरापासून गावं वाचवायला नदीकाठाने मातीचे लांबलचक बांध घालतात. त्यांच्या बुडाखालून पाणी किती पाझरतं, आणि पाझरताना ते आतली रेती ओढून आणतं का, हे तपासून धोका किती ते सांगणं हे आमचं काम. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आपल्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी सल्लागाराचं ऑफिस थाटलं होतं. मी नुकतीच एम.टेक. झालेली, महाल भागातून रोज स्कूटीने तिथे जायचे. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"बांध कायनं फुटते?"

मी सांगायला लागले. वरून पाणी गेलं तर फुटतो, उतार घसरला तर फुटतो, खालून रेती वाहून गेली तर फुटतो...

"चूक," ते म्हणाले. "बांध फुटते, कारण तो दुसऱ्यानं बांधलेला असते."

मी हसले. त्यांना वाटलं मला पटलं, आणि मला नोकरी मिळाली. तो विनोद नव्हता हे कळायला पुढे पावसाळा यावा लागला.

त्यांच्या लेखी बांध तीन जातींचे होते. झोपलेला, कूस बदलणारा आणि जागा. झोपलेल्याला धोका नाही, कूस बदलणाऱ्यावर नजर ठेवायची, जागा असेल तर गावाने सामान बांधायचं. जगभर लोक त्यासाठी जमिनीत नळ्या घालून पाण्याचा दाब मोजतात, मातीचे नमुने काढतात, गणितं करतात. आमचे साहेब छत्री घेऊन निघायचे. काळी, लाकडी मुठीची, खाली पितळी टोक. बांधावर चढायचे, चार ठिकाणी ठक ठक करायचे, मान तिरपी करून ऐकायचे. मग निकाल. मी गणित करून दिलं की ते कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवायचे. म्हणायचे, "पाण्याले गणित येत नाही. तुले येऊन काय फायदा?"

निकालाची एक गंमत मला महिनाभरात उमगली. साहेबांनी नोकरीत असताना स्वतः बांधलेले सगळे बांध झोपलेले होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत आलेल्याचे सगळे कूस बदलत होते. आणि ज्या एका अधिकाऱ्याशी त्यांचं बढतीवरून वाजलं होतं, त्याचा प्रत्येक बांध टक्क जागा होता.

त्यांच्या बांधाच्या मागे कुठे ओल दिसलीच, तर तिचं उत्तरही ठरलेलं असायचं. घूस. पाझर दिसला, घूस. खड्डा पडला, घूस. एकदा एका बांधाचा माथाच खचला होता, तरी त्यांनी घुशीवरच ठपका ठेवला. विदर्भातल्या घुशींबद्दल इतका आदर मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

त्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या भिंतीला मात्र ओल होती. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी झिरपायचं आणि पोपडे सोफ्यावर पडायचे. पाझराचा जाणकार म्हणून ज्यांना गाड्या न्यायला यायच्या, त्यांनी त्या ओलीवर देवाचं कॅलेंडर लावून ठेवलं होतं. ओल वाढली की कॅलेंडर मोठं आणायचे. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या की त्या भिंतीकडे पाहून मला म्हणायच्या, "अख्ख्या जिल्ह्याची ओल शोधून राहिले हे. घरची दाखवली तर म्हणतात, भिंत श्वास घेऊन राहिली." साहेब वर्तमानपत्रातून मान काढायचे नाहीत.

एकदा त्यांनी दोन मोठ्या अधिकाऱ्यांना ऑफिसात बोलावलं. आपली विद्या दाखवायला त्यांनी काचेची एक लांब टाकी करून घेतली होती. तळाशी रेती, तिच्यावर चिकणमातीचा थर, आणि त्यावर हातभर उंचीचा छोटा बांध. एका बाजूला पाणी भरायचं, ती नदी. दुसरी बाजू कोरडी, ते गाव. चिकणमातीचा थर नीट असला की खालून काही होत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मी आदल्या दिवशी म्हणाले होते, "सर, गावाच्या बाजूला थर पातळ आहे. तिथून फुटेल." ते म्हणाले होते, "तू नळ उघडायचं काम कर."

मी नळ उघडला. नदी भरली. साहेब बोलत होते, अधिकारी माना डोलवत होते. थोड्या वेळाने गावाच्या बाजूला पेजेला येते तशी एक बारीक उकळी आली. पाणी खालून वर येत होतं आणि येताना चिमूट चिमूट रेती आणत होतं. बघता बघता उकळीभोवती रेतीचं मुंगीच्या वारुळासारखं गोल कडं तयार झालं. आत, काचेला लागून, चिकणमातीच्या खाली पेन्सिलीएवढं भोक दिसू लागलं. ते भोक गावाकडून नदीकडे सरकत होतं, उलटं. रेती वाहून गेली की भोक पुढे, पुढची रेती वाहिली की आणखी पुढे. धोका असतो तो हाच. वरून बांध ठणठणीत दिसतो, आणि खाली नदी आणि गाव यांच्यामध्ये नळी तयार होत असते.

"सर," मी म्हणाले.

"मधी बोलू नको," साहेब म्हणाले, आणि त्याच क्षणी भोक नदीला जाऊन मिळालं. बांध मधोमध खाली बसला, टाकीतलं पाणी काठावरून उसळलं आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या पायमोज्यांत गेलं.

अंगावर पाणी पडलेल्या माणसांना उद्देशून साहेब शांतपणे म्हणाले, "ही रेती नागपूरची नाही. फसवलं त्या रेतीवाल्यानं मले." मग माझ्याकडे वळून, "पोछा आण वं."

पाण्याने बांध कसा पोखरला जातो याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलं नाही. ते ज्यांनी दाखवलं, तेवढ्या एकांनीच ते पाहिलं नाही.

त्यानंतर एका गावाचं काम आलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की बऱ्याच अंतराने कन्हान नदीच्या एका वळणावर ते गाव आहे. तिथला बांध साहेबांनीच, तरुणपणी, पहिल्या पोस्टिंगवर बांधलेला. गाव त्याला ‘साहेबांचा बांध’च म्हणायचं. तो अजून किती भरवशाचा आहे हे तपासायला सरकारने माणूस नेमला, तो नेमका साहेबच. आपल्या परीक्षेचा पेपर आपणच तपासायचा, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. ते नवी चप्पल घालून निघाले.

सरपंच बाई बांधावर वाट पाहत उभ्या होत्या. "जय भीम, साहेब," त्या म्हणाल्या, आणि इकडचं तिकडचं न बोलता आम्हाला बांधामागच्या आपल्या तुरीच्या वावरात घेऊन गेल्या. तिथे बांधाच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर रेतीचं एक गोल कडं होतं. परातीएवढं. काळ्या जमिनीत पांढरीशुभ्र, धुतल्यासारखी रेती.

"नदी चढली का इथून पाणी उकळते, साहेब. रेती घेऊन येते. दरसाल हे कडं मोठं होऊन राहिलं."

साहेबांनी छत्रीने ठक ठक केलं. "घूस."

"घूस माती उकरते. इथं तं पाणी येते."

"मंग पाण्यातली घूस."

सरपंच बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून रेती मुठीत घेतली. एकसारखी, बारीक, मातीचा कण नसलेली. ती त्या वावराची नव्हतीच, नदीची होती, आणि नदी बांधाच्या पलीकडे होती. मग ती इकडे आली कुठून? खालून. मी जुना नकाशा पाहिला होता. पूर्वी नदीचा एक फाटा नेमका इथून वाहायचा. त्याच्या रेतीवर चिकणमाती साचली आणि त्या चिकणमातीवर साहेबांनी बांध घातला. काचेच्या टाकीत पाहिलं होतं, तेच इथे जमिनीखाली चाललं होतं, फक्त पलीकडच्या बाजूला पायमोजे नव्हते, गाव होतं.

"सर, इथे बोअर घेऊ. खाली रेतीचा थर किती आहे ते कळेल."

"माझ्या बांधाले सुई टोचतं तू?" ते म्हणाले. एखाद्याने त्यांच्या आजारी बापाबद्दल वाईट बोलावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "झोपलेला आहे तो. लिही."

मी लिहिलं नाही. ऑफिसात परत आल्यावर मी सांगितलं की हा अहवाल गेला तर माझी त्यावर सही नसेल.

"तुझी सही मागून कोण राहिलं? अक्षर चांगलं आहे म्हणून ठेवलं तुले."

अहवाल गेला. बांध झोपलेला.

रविवारी मी स्कूटी काढून एकटीच त्या गावाला गेले. सरपंच बाईंच्या ओट्यावर बसून त्यांना सांगितलं की रेतीची पोती आत्ताच भरून ठेवा. उकळीतलं पाणी नितळ असलं तर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ झालं, तर समजा खालची रेती निघाली. मला फोन करा. आणि काही झालं तरी ते भोक बुजवायचं नाही.

"बुजवायचं नाही? काहून?"

"एका ठिकाणी दाबलं की पाणी शेजारी फोडतं. त्याच्याभोवती पोत्यांचं रिंगण करायचं. विहिरीच्या कठड्यासारखं. आत पाणी चढू द्यायचं. चढलेल्या पाण्याचं वजन खालच्या पाण्यावर बसतं, जोर कमी होतो, मग रेती येत नाही."

"मले समजलं. पण गावातल्या माणसांना बाईचं ऐकायची सवय नाही, सरपंच असली तरी."

त्या पावसाळ्यात नदी चढली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. सकाळी मी ऑफिसात पोचतेय तोच सरपंच बाईंचा फोन आला. "मॅडम, गढूळ येऊन राहिलं."

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणाले, "सर, तुमच्या बांधाखालून रेती येते आहे." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, छत्री उचलली आणि गाडीत जाऊन बसले. वाटेत मी त्यांना रिंगणाचं सगळं सांगितलं, आधी काय करायचं, मग काय. ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "हे तू कुठं वाचलं?"

"सगळीकडे लिहिलेलं आहे, सर."

आम्ही पोचलो तेव्हा तुरीच्या वावरात गाव जमलं होतं. माणसं त्या भोकात दगड, गोधड्या, बारदानं, जे हाती येईल ते कोंबत होती. सरपंच बाई ओरडून ओरडून नको म्हणत होत्या, आणि त्यांचाच दीर त्यांना बाजूला सारून दगड टाकत होता. एकीकडे दाबलेलं पाणी दोन हातांवर दुसरीकडे फुटलं होतं, तांबडं, जाड. बांधाच्या पलीकडे नदी जवळजवळ काठाला होती. मी पुढे होऊन सांगू लागले की दगड काढा. त्या दिराने मला थांबवलं.

"बाई, साहेबाले बोलू द्या."

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेब नव्या उकळीपाशी गेले आणि सवयीने छत्रीचं टोक त्यांनी जमिनीत ठोकलं. ठक झालंच नाही. छत्री आत गेली. आणखी दाबली, आणखी गेली. मुठीपर्यंत गेली. त्यांनी हात सोडला तर ती लाकडी मूठही त्या रेतीत हळूहळू दिसेनाशी झाली.

ते तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. मग नदीकडे लक्ष गेलं आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे संपलं.

साहेब सरळ झाले आणि त्यांचा तो खर्जातला आवाज लागला. "काढा ते दगड. काढा म्हणतो ना. पोते आणा. भोक बुजवायचं नाही, भोवती रिंगण करा, विहिरीच्या कठड्यासारखं. पाणी चढू द्या आत."

शब्द न् शब्द माझा. विहिरीचा कठडासुद्धा. पण त्यांच्या तोंडून आल्यावर गाव पळत सुटलं. सरपंच बाईंनी भरून ठेवलेली पोती हातोहात आली. साहेबही उचलायला लागले. एकदा चिखलात पडले, चप्पल तिथेच राहिली, अनवाणी उठले आणि पुन्हा पोतं धरलं, हे मी नाकारणार नाही. रिंगणातलं पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्याला लागलं. सरपंच बाई ओंजळीत घेऊन पाहत होत्या. गढूळ, गढूळ, मग कमी गढूळ. दुपार कलताना त्यांनी ओंजळ माझ्यापुढे धरली. हाताच्या रेषा दिसत होत्या. संध्याकाळच्या आत नदी उतरू लागली.

पुढचं सांगायलाच हवं का? गावाने साहेबांचा सत्कार केला. शाल, नारळ, नवी छत्री. त्यांनी भाषणात सांगितलं की बांधावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. मला स्टेजवर बोलावून म्हणाले, "ही माझ्या हाताखाली शिकून राहिली. हिले आता थोडं थोडं जमते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच बाईंनी वाजवल्या नाहीत, त्या सतरंजीकडे बघत होत्या.

आणि मग त्यांनी तो अहवाल दिला, ज्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. बांध एवढ्या पुराच्या कसोटीला उतरला, सबब दुरुस्तीची गरज नाही. वरच्या लोकांना हेच हवं होतं. खालची नळी अर्धी कोरली गेली होती, पुढच्या पुरात पाणी तिथूनच सुरुवात करणार होतं, आणि कागदोपत्री बांध आधीपेक्षाही गाढ झोपला होता.

मी नोकरी सोडली. साहेब म्हणाले, "जा. बाहेर किती पोकळ लोक आहेत ते पाहून ये." काकू फाटकापर्यंत आल्या. "जाय बाई," त्या म्हणाल्या. "मले जाता येत नाही म्हणून तू कायले थांबतं?"

दुसऱ्या वर्षी नदी चढल्याची बातमी ऐकली आणि मी रजा टाकून त्या गावाला गेले. बांधाखाली तुरीच्या वावरात, रिंगणाशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून कोणी बसलं होतं. साहेब.

सरपंच बाई म्हणाल्या, "पाणी चढलं का येतात. बसने येतात. हवा खायला येतो म्हणतात. एवढ्या पावसात कोणती हवा असते, मॅडम?"

मी जवळ गेले. पायापाशी भरलेली पोती नीट रचून ठेवली होती. उकळी चालू होती. ते तिच्याकडे टक लावून बघत होते, दुधाकडे बघावं तसे. मला वाटलं, आता बोलता येईल.

"सर, एवढं लिहून द्या ना, की दुरुस्ती करावी लागेल. तुमच्या एका ओळीवर काम होऊन जाईल. तुम्हाला इथे बसावं लागणार नाही."

"कोणाच्या बांधाले दुरुस्ती?" त्यांनी विचारलं.

"या."

"याले काय झालं?" ते म्हणाले, आणि उठून त्यांनी रिंगणातलं एक सरकलेलं पोतं पायाने परत जागेवर बसवलं.

मला त्या माणसाची कीव यायला हवी होती, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. मला नाही आली. एक ओळ लिहायची लाज वाटते म्हणून हा माणूस म्हातारपणी पावसात बसून अख्ख्या गावाचा जीव एका खुर्चीला टांगून ठेवतो, आणि याला वाटतं की आपण राखण करतो आहोत. उद्या याला ताप आला तर? बस चुकली तर? घुशीला शिव्या देणारा माणूस मी पाहिला होता. हे त्याहून वाईट होतं. आता त्यांना सगळं माहीत होतं.

मग आम्ही दोघी मागे लागलो. बाईंनी ग्रामसभेत ठराव केला, चकरा मारल्या, अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर डबा खाल्ला. मी ज्या नव्या ठिकाणी लागले होते, त्यांच्याकडे फेरतपासणीचं काम आलं. आम्ही बोअर घेतले. खाली रेतीचा थर निघाला, मी म्हटलं होतं त्याहून जाड. साहेबांचं मत विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले, "खेळू द्या पोरींले. माझ्या बांधाले काही होत नाही." त्यांचा विरोध नाही असा त्याचा अर्थ लावला गेला. कदाचित तेवढाच होकार त्यांना जमत होता. पण मी त्याचं श्रेय त्यांना देणार नाही.

बांधाच्या मागच्या पायथ्याशी आम्ही बारीक रेती, मग गिट्टी, मग मोठे दगड असे थर घातले, म्हणजे पाणी यायचं तर येईल, पण येताना रेती आणू शकणार नाही. जमिनीखालचा दाब सुटायला ओळीने बारीक विहिरी केल्या आणि त्यांचं पाणी एका नालीत काढून दिलं. गावकऱ्यांना आधी हे पटेना. एवढा खर्च करून पाणी अडवायचं सोडून वाट करून देता, म्हणाले. बाईंनी त्यांना समजावलं. मला बोलावंच लागलं नाही.

त्या कामानंतरच्या पहिल्या मोठ्या पुराला मी तिथे होते. नदी काठोकाठ होती. मागे नालीतून पाणी झुळझुळ वाहत होतं, नितळ, तळातले खडे दिसत होते. साहेब आले. बरेच थकले होते, बसमधून उतरून इथवर चालत येताना दोनदा थांबले. नालीपाशी उकिडवे बसले. ओंजळभर पाणी घेतलं, उजेडात धरलं, आणि प्यायले.

"पाहा," ते सरपंच बाईंना म्हणाले. "माझा बांध. गाळून पाणी देऊन राहिला."

मी तोंड उघडणार होते. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "चांगलाच बांधला तुम्ही. आता पावसात इथं येऊन बसत जाऊ नका. पहाऱ्याची गरज नाही राहिली."

"कसला पहारा?" साहेब म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर हात टेकवून उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा हात पुढे केला. माझ्याकडे नाही, बाईंकडे. बाईंनी त्यांना उभं केलं. मग ते खुर्चीकडे गेले, ती उचलली, आणि वावरातून काढून गावात, बाईंच्या ओट्यापाशी नेऊन ठेवली.